चेंडूवरची नावं

आमचे घरमालक माझ्यावर पहिल्यांदा ओरडले, ते मी बॉल परत फेकला म्हणून.

त्या घरात येऊन आम्हाला आठवडासुद्धा झाला नव्हता. मागच्या अंगणात मी कपडे वाळत घालत होते आणि धप्पकन एक पांढरा बॉल माझ्या कोथिंबिरीच्या कुंडीत येऊन पडला. कुंपणापलीकडे मैदान, मैदानावर पोरं. दापोडीतलं माझं सगळं लहानपण "काकू, बॉल द्या ना" हे एकतर म्हणण्यात नाहीतर ऐकण्यात गेलेलं. बॉल आला की परत द्यायचा, त्यात विचार कसला? उचलला आणि दिला भिरकावून. तेवढ्यात खालच्या मजल्याचं दार उघडलं आणि हाफ पँटवर टाय लावलेला, सहा फुटी, काळाभोर म्हातारा हातात मार्कर पेन घेऊन तरातरा बाहेर आला.

"नाव न लिहिता फेकलास?"

"कोणाचं नाव?" मी विचारलं.

"कोणाचं नाव, म्हणे!" त्यांनी आभाळाकडे बघून दोन्ही हात पसरले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि फेकतेस कशी! तुमच्या क्रिकेटने तुमचे खांदे पार वाया घालवलेत."

म्हणजे आधी ओरडायचं, वर क्रिकेटला नावं ठेवायची! मीही काही कमी नाही. इथे 'साहेब'ला 'मेनेर' म्हणतात. म्हटलं, "मेनेर, कोथिंबीर माझी, कुंडी माझी. बॉल कुठे फेकायचा ते मी बघेन." ते माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग असे काही हसले की शेजारची मांजर कुंपणावरून उडाली. "बरं झालं," म्हणाले, "मला वाटलं होतं गरीब गाय भाडेकरू मिळाली."

गावाचं नाव सांगत नाही. मैदानावरच्या बेसबॉल क्लबचे लोक अजून माझ्यावर खार खाऊन आहेत आणि मला त्याच दुकानात दूध आणायला जायचं असतं. अॅमस्टरडॅमच्या आसपासचं आहे, एवढं पुरे. नेदरलँड्समध्ये आलेली मराठी मंडळी आम्स्टेलव्हेन नाहीतर उइटहॉर्नला घर शोधतात. आम्हीही शोधलं, मिळालं नाही, म्हणून इथे येऊन पडलो. घर दाखवताना या गृहस्थांनी ना माझ्या पगाराची चौकशी केली ना परमिटची. विचारलं ते एकच, "पूर्ण नाव काय?" मी सांगितलं, तर म्हणाले, "आईवडिलांनी ठेवलं तसं पूर्ण सांग, ऑफिससाठी छाटलेलं नको." आणि दुसऱ्या दिवशी बेलच्या पाटीवर माझं आणि नवऱ्याचं नाव आडनावासकट, एकही अक्षर न गाळता, त्यांच्या ठसठशीत अक्षरात लागलेलं. त्याच महिन्यात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका बाईंनी आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, आणि मग त्यांना जे हवं होतं ते कळल्यावर त्यांचं हसू कसं बदललं ते मी बघितलं. आम्ही बौद्ध, त्यामुळे हे हसू मला लहानपणापासून पाठ आहे. नाव विचारण्या-विचारण्यात केवढा फरक असतो, हे सांगण्यासाठी हे लिहिलं. त्या बाईंवर माझा राग आहेच.

तर त्या बॉलची गोष्ट. आमचे घरमालक मूळचे कुरासाव बेटावरचे. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट डच राज्यातलंच, आणि तिथे बेसबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट तसा. तरुणपणी ते इथे गोदीत कामाला आले. त्यांच्यासारखेच बेटांवरून आणि सुरिनामहून आलेले आणखी आठ जण जमले, आणि त्यांनी संघ काढला. सगळे काळे. या गावच्या क्लबमध्ये त्यांना घेत नव्हते. नाही असं तोंडावर कोणी म्हणत नसे. जागा भरल्यात, पुढच्या वर्षी बघू, असं चालायचं. ताकास तूर लागू द्यायची नाही. क्लबचा सराव संपला की उरलेल्या उजेडात मैदान वापरा, म्हणायचे.

त्या मैदानाच्या कुंपणाला लागून पुढे त्यांनी घर घेतलं, ते मुद्दाम. "बाकीचे बागेसाठी घर घेतात," म्हणायचे, "मी बॉलसाठी घेतलं." क्लबचा एखादा जोरदार फटका कुंपण ओलांडून अंगणात आला की ते तो उचलायचे, खुर्चीवर बसून त्याच्यावर आपल्या संघातल्या एकाचं नाव लिहायचे, फुंकर मारून शाई वाळवायचे आणि मग परत फेकायचे. रुडसेल. अँजेलो. विल्फ्रेड. ओर्लांडो. स्टॅनली. ह्युबर्ट. फ्रान्सिस्को. एडसेल. आठही जण वारलेले. नववे ते स्वतः, पण स्वतःचं नाव त्यांनी कधी लिहिलं नाही. "पेन मेलेल्यांसाठी," म्हणायचे. "मी जिवंत आहे, मला तोंड आहे."

आणि तोंड होतंच! सामना असला की ते अंगणात शिडी लावून तिसऱ्या पायरीवर बसायचे आणि पंचाच्या आधी निकाल ओरडायचे. पंच बिचारा हात वर करणार, तोवर कुंपणावरून "आउट!" असा गडगडाट. क्लबच्या फाटकातून मात्र त्यांनी कधी पाऊल आत टाकलं नाही. फाटक घरापासून हाकेच्या अंतरावर. मी एकदा म्हटलं, "मेनेर, आत जाऊन खुर्चीवर बसा की, शिडीवरून पडाल." तर म्हणाले, "त्या फाटकातून मी आत गेलो तर नऊ जण मिळून जाईन, नाहीतर जाणार नाही." मी म्हटलं, "आठ जण तर वर गेलेत." म्हणाले, "मग त्यांनाही घेऊन जायची सोय बघावी लागेल."

शाई लागलेला बॉल सामन्यात चालत नाही म्हणे. त्यामुळे क्लबवाले ते सगळे सरावाच्या बादलीत टाकायचे, आणि बादलीतून खेळणार कोण, तर लहान पोरं. माझी लेक त्यांच्यात जायला लागली. एक दिवस घरी आली ती तावातावाने भांडत, "आई, रुडसेल इज फान मै!" रुडसेल माझा आहे! तिच्या मैत्रिणीने तो बॉल पळवला होता. पोरांमध्ये असा समज पसरला होता की अँजेलो लांब जातो आणि विल्फ्रेड हातातून निसटतो. मी हे घरमालकांना सांगितलं, तर ते डोळे मिटून बसले. "विल्फ्रेड खरंच निसटायचा," म्हणाले. "कर्ज काढून लग्न केलं आणि लग्नाच्या जेवणातून निसटून मॅचला आला."

रविवारी ते मक्याच्या पिठाची फुंची करायचे, म्हणजे आपली उकडच, आणि मी वरून ठेचा घेऊन खाली जायचे. ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण तिखट लागलं असं म्हणायचे नाहीत. नाकावर माशी बसू द्यायची नाही! असंच जेवताना त्यांनी एका जुन्या सामन्याचं सांगितलं. क्लबने एकदा या नऊ जणांना सामन्याला बोलावलं. गंमत म्हणून. यांनी क्लबच्या पहिल्या संघाला धू धू धुतलं. मग दोन्ही संघांचा फोटो काढायचं ठरलं, आणि फोटोच्या आधी क्लबच्या एका माणसाने ओलं फडकं घेऊन धावफलकावरचा खडू पुसून टाकला. "मैत्रीचा सामना आहे, मोजत नसतात," म्हणाला, आणि सगळ्यांना कॉफी दिली.

"कॉफी प्यायलात?" मी विचारलं.

"मूर्ख होतो. प्यायलो."

दुसऱ्या आठवड्यात क्लबने निरोप पाठवला: तुमच्यातल्या दोघांना आम्ही घेतो. एक हे, कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, आणि दुसरा ओर्लांडो, पिचर, म्हणजे बोलर. बाकीचे सात नकोत. यांनी सांगितलं, नऊ घ्या नाहीतर एकही नाही. ओर्लांडो मात्र गेला. क्लबने त्याला अख्खा उन्हाळा बाकावर बसवून ठेवलं, एकदाही मैदानात उतरवलं नाही. संघ मोडला तो मोडलाच. ओर्लांडोशी हे पुढे कित्येक वर्षं बोलले नाहीत, आणि बोलायचं ठरवलं तेव्हा तो दवाखान्यात बेशुद्ध होता. आठ नावांपैकी सगळ्यात जास्त वेळा ते त्याचंच लिहायचे. मी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही.

त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी माझ्या आजोबांचं सांगितलं. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा. आजोबांना तालमीत घेणं शक्यच नव्हतं. ओढ्याकाठच्या वाळूत आमच्याच वस्तीतल्या पोरांशी झुंजून ते तयार झालेले. जत्रेत फडात उतरायचे, शड्डू ठोकून गोल फेरी मारायचे, की कोणीतरी जोड द्या. जोड कोण देणार? कुस्तीत अंगाला अंग लावावं लागतं. पंच हातावर नारळ ठेवायचे, तोही वरून टाकायचे, आणि म्हणायचे, जा. आजोबा दर जत्रेला जायचे. अंगात बळ होतं तोवर गेले. जिंकलेल्यांची नावं देवळाच्या भिंतीवर अजून आहेत. हरलेलेही लोकांना आठवतात. ज्याला खेळूच दिलं नाही, त्याला कुठल्या भिंतीवर लिहायचं?

ते चमचा खाली ठेवून ऐकत होते. "एकदाही हरला नाही?"

"कुस्तीच झाली नाही मेनेर, हरणार कसे?"

"म्हणजे अजिंक्य," ते म्हणाले. "नाव काय?"

"धोंडीराम."

त्यानंतर जो पहिला बॉल अंगणात आला, तो घेऊन ते जिना चढून वर आले. गुडघे दुखत असताना चढले. पेन माझ्या हातात दिलं. "तुझ्या लिपीत लिही." मी लिहिलं. फेकला मात्र त्यांनी, माझ्या खांद्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यानंतर मात्र खांद्यातून कसं फेकायचं ते मला अंगणात शिकवायला लागले. आमच्या गावच्या फडात ज्याला कोणी हात लावला नाही, तो धोंडीराम डच पोरांच्या हातांतून या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत होता. त्या संध्याकाळी मी आईला फोन करून हे सांगितलं आणि दोघी रडलो.

क्लबला हे सगळं आवडणं शक्यच नव्हतं. त्यांनी कुंपणावर उंच जाळी लावायचं ठरवलं. कारण काय, तर शेजाऱ्यांच्या काचांची सुरक्षितता. खेमेन्तेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक तरुण माणूस पाहणीला आला. त्याने अदबीने विचारलं, "मेनेर, तुम्हाला काचा फुटायची भीती वाटत नाही?" ते त्याला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे घरातल्या प्रत्येक खिडकीच्या मापाची कापलेली काच, जुन्या चादरीत गुंडाळून, भिंतीला टेकवून ठेवलेली. "ही स्वयंपाकघराची," त्यांनी दाखवलं, "ही संडासाची. फुटू दे. आणखी आणीन." जो शेजारी स्वतःच्या काचा फुटण्याचा हक्क मागतोय, त्याचं काय करायचं हे त्या बिचाऱ्याला कुठेच शिकवलेलं नव्हतं. जाळी बारगळली.

मग ती अमेरिकेची बातमी आली. अमेरिकेतही काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेत नसत, म्हणून त्यांनी आपले संघ आणि आपल्या लीग उभ्या केल्या होत्या. किती तरी वर्षं ते खेळ, त्या धावा कोणी धरतच नव्हतं. आता कुठे तिकडच्या लोकांना जाग आली आणि ते आकडे मुख्य नोंदींत धरले गेले. ही बातमी त्यांनी माझ्या फोनवर पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मग आत गेले, फुल पँट घातली, टायची गाठ नीट केली आणि क्लबच्या फाटकासमोर जाऊन उभे राहिले. आत नाही, बाहेर! मी मागोमाग धावले.

क्लबचं नवं क्लबहाऊस तेव्हा बांधून होत आलं होतं आणि त्यात एका भिंतीवर इतिहास लिहायचा होता: संघ, खेळाडू, सामने. शेवटी अध्यक्षच बाहेर आले. हसतमुख माणूस, हातात कॉफीचे कप. घरमालकांनी कप घेतला नाही. या वेळी नाही घेतला.

"अमेरिकेत मोजायला लागले," ते म्हणाले. "तुम्ही कधी मोजणार?"

अध्यक्षांनी मान हलवली, सगळं पटतंय अशी. म्हणाले, आम्हालाही वाटतंच होतं, तुमचं नाव भिंतीवर येणार आहे, फोटोसकट, तुम्ही तर आमच्या गावचे आद्य खेळाडू. घरमालकांनी विचारलं, "बाकीचे आठ?" अध्यक्षांचा चेहरा पडला. "त्यांच्याबद्दल आमच्याकडे काहीच नोंद नाही, मेनेर. त्या सामन्याचीही नाही. पुराव्याशिवाय कसं लिहिणार?"

"कागद तुमच्याकडे होता," घरमालक म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "पेन तुमच्याकडे होतं. फडकंही तुमच्याच हातात होतं. आमच्याकडे फक्त बॅट होती. नऊ लिहा, नाहीतर एकही नको. माझं एकट्याचं नाव त्या भिंतीवर दिसलं, तर मी रात्री येऊन खरवडून काढीन."

"पण का?" अध्यक्षांना खरंच समजत नव्हतं. "हा तर सन्मान आहे."

"हाच सन्मान तुम्ही एकदा ओर्लांडोला दिला होता."

परत येताना मी त्यांचा हात धरला होता. मी म्हटलं, "मेनेर, एक नाव तरी लागलं असतं." ते थांबले. माझ्यावर इतके रागावलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "दुशी," म्हणाले. 'लाडके'साठी हा त्यांचा शब्द. "तुझ्या आजोबांना पंचांनी एका वर्षी कुस्ती दिली असती आणि अट घातली असती, की वाळूत ज्यांच्याशी खेळून तयार झालास त्यांना ओळख देऊ नकोस, तर ते लढले असते?" मला उत्तर माहीत होतं.

त्या हिवाळ्यात ते गेले. हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, दवाखान्यात जा म्हणून परोपरीने सांगितलं, पण त्यांना खिडकीतून मैदान दिसायला हवं होतं. मैदानावर बर्फ होतं, खेळ नव्हता, तरी बघत पडायचे. शेवटच्या दिवसांत मी उशाशी पेन ठेवलं, तर त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. ज्याचं तोंड कधी मिटलं नाही तो माणूस काही न बोलता गेला, याचा राग मला अजून येतो. त्यांची पुतणी ग्रोनिंगनहून आली. घर तिच्या वाट्याला आलं आणि तिने ते आम्हालाच राहायला दिलं. "काका म्हणाले होते, कुंपण सांभाळणारं कोणीतरी हवं," म्हणाली.

आणि मग वसंतात अध्यक्ष आले. फुलं घेऊन आले, डोळे खरोखरच ओले होते. माणूस वाईट नाही, आणि सगळी अडचण तीच आहे. म्हणाले, क्लबला मेनेरांच्या स्मरणार्थ मैदानाच्या कडेला एक बाक ठेवायचा आहे. त्यावर लिहायचं: 'आमचे लाडके शेजारी', आणि खाली नाव. आणि आता, म्हणाले, ती जाळीही लावून टाकू, तुमच्याकडे लहान मूल आहे.

बाक! ओर्लांडोला ज्याच्यावर अख्खा उन्हाळा बसवलं, तो बाकच यांना सुचावा! आणि शेजारी! ज्याने यांच्या पहिल्या संघाला धुतलं, तो कॅचर शेजारी? माझं डच यथातथाच आहे. ऑफिसमध्ये इंग्रजीवर भागतं. पण रागात मला सगळ्या भाषा येतात. मी दारात उभी राहून म्हटलं, "ते तुमचे शेजारी नव्हते. ते तुमच्या मैदानावरचे खेळाडू होते, आणि त्यांच्याबरोबर आणखी आठ होते. नऊ नावं लिहिणार असाल तर भिंतीवर लिहा, मी स्वतः येऊन एकेक अक्षर सांगते. नाहीतर त्यांचं नाव कुठेही लिहायचं नाही, बाकावर तर नाहीच. आणि जाळी लावायची नाही. काचा आमच्या आहेत. शेडमध्ये ढीग पडलाय, दाखवू का?"

ते नको म्हणाले. फुलं मी ठेवून घेतली, फुलांचा काय दोष!

म्हणून या लेखातही मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही. लिहिलं असतं तर ओळीओळीत त्यांचं एकट्याचंच आलं असतं; एकट्याचं लिहायचं नाही, हा त्यांचा शब्द आहे आणि तो मी मोडणार नाही.

मोसमातला पहिला सामना होता त्या दिवशी मी अंगणात शिडी लावली. त्यांचा टाय गळ्यात घातला. नवरा हसला, मग हसायचा थांबला. लेक खाली उभी, हातात पेन. बराच वेळ एकही बॉल आला नाही. मी बसून बसून वैतागले. मग बॅटचा तो टणकन आवाज आला, बॉल वर वर गेला, कुंपण ओलांडून आला आणि स्वयंपाकघराची काच फोडून आत सिंकमध्ये पडला.

काचांतून तो उचलला आणि ओट्यावर बसून लिहायला घेतलं. रुडसेल, अँजेलो, विल्फ्रेड, ओर्लांडो, स्टॅनली, ह्युबर्ट, फ्रान्सिस्को, एडसेल. बारीक अक्षरात, शिवणीच्या कडेकडेने, सगळे एकाच बॉलवर. शेवटी उरलेल्या जागेत मेनेरांचं, आडनावासकट, एकही अक्षर न गाळता. फुंकर मारली. मैदानावरची माणसं कुंपणाजवळ येऊन "सॉरी, सॉरी" करत होती. अध्यक्षही होते. मी शिडीवर चढले.

"घ्या तुमचा बॉल!" मी ओरडले, आणि खांद्यातून, मेनेरांनी शिकवलं होतं तसा फेकला. तो अध्यक्षांच्या डोक्यावरून पार पलीकडे, पिचरच्या पायाशी जाऊन पडला. त्या पोराने तो उचलला. लगेच बादलीत टाकला नाही. हातात फिरवत फिरवत वाचायला लागला, आणि मैदानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचत होता.

मी खाली उतरले आणि शेडमधून काच आणायला गेले. भिंत अजून क्लबचीच आहे. बॉल मात्र आमच्या अंगणात येतात.